चाकूवरील खोटा छाप

‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण आपण सर्वजण जाणतों. परंतु वाळा कथलाचा आहे हें कळल्यावर सोनूबाईनें काय करावें, हें ती म्हण सांगत नाहीं. त्याच प्रश्नाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

आमच्या घरीं आजोबांचा एक घडीचा चाकू आहे. आजोबा शिक्षक होते. वर्गांतील मुलांचे बोरू ते त्यानेंच तासून देत. पात्याच्या मुळाशीं राजमुकुट, त्याच्या दोन्ही बाजूंस व्हिक्टोरिया राणीचीं निदर्शक ‘व्ही’ व ‘आर’ हीं अक्षरें, आणि खालीं शेफील्डच्या रॉजर्स कारखान्याचें नांव. पनवेलच्या खाडीची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस सोसूनही या पात्यास कधीं गंज चढला नाहीं, याचा घरांत सर्वांस मोठा अभिमान. गेल्या वर्षीं जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे एक गृहस्थ तो चाकू चांगल्या किंमतीस मागूं लागले, तेव्हां मीं प्रथमच भिंग घेऊन तो नीट पाहिला.

शेफील्डचा जोसेफ रॉजर्स आणि पुत्र हा कारखाना एके काळीं जगभर नांवाजलेला होता. तारा व माल्टाचा क्रूस हें त्याचें चिन्ह. जेथें नांव मोठें, तेथें नकलाही फार. आपलें नांव लावून चाकू विकणाऱ्यांविरुद्ध या कारखान्यास १८४६ सालीं इंग्लंडच्या न्यायालयांत दाद मागावी लागली होती. आपल्याकडेही ही विद्या नवी नाहीं. इराणचा प्रसिद्ध तरवारकार असदुल्ला इस्फहानी याचें नांव त्यानें कधीं न पाहिलेल्या कितीतरी पात्यांवर कोरलेलें आढळतें.

खरें-खोटें ओळखावें कसें? प्रथम अक्षरें पहावीं. या कारखान्याच्या इंग्रजी नांवांत ‘डी’ हें अक्षर आहे. नकल करणारा तें पुष्कळदां हळूच गाळतो. मग काळ पहावा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानें परदेशी मालावर त्या देशाचें नांव घालणें भाग पडलें. म्हणून ‘इंग्लंड’ हा शब्द असलेला चाकू बहुधा त्यानंतरचा समजावा. नंतर छापाची ठेवण पहावी. खरा छाप पात्यास पाणी देण्यापूर्वींच ठोकीत. तो पात्याबरोबरच झिजतो व काळवंडतो. मागाहून कोरलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात व आंतील धातु उजळ दिसतो. जुना छाप घासून काढला असेल, तर तेथें पातें किंचित् खोलगट लागतें. मात्र एकाच खुणेवरून निकाल देऊं नये. सर्व खुणा एकमेकींस साक्ष देतात कीं नाहीं, हें पहावें.

आमच्या चाकूच्या खुणा साक्ष देईनात. नांवांत ‘डी’ नव्हता. शिवाय व्हिक्टोरिया राणी १९०१ सालीं वारली, आणि शेफील्डांत हॅरी ब्रिअर्ली यानें न गंजणारें पोलाद तयार केलें तें १९१३ सालीं. ज्या गुणाचा आम्हांस अभिमान, तोच गुण आमच्याविरुद्ध साक्षीस उभा राहिला!

माझे एक आप्त म्हणाले, “गिऱ्हाइकास कळत नाहीं, तर आपण कां सांगावें? आजोबांनीं कोठें कोणास फसविलें?” बोलणें वरवर बिनतोड दिसतें. आजोबा फसले, त्यांनीं फसविलें नाहीं, हें खरेंच. परंतु त्यांचें अज्ञान आतां माझ्या उपयोगीं पडणार नाहीं, कारण मला कळलें आहे. छाप ठोकणारा एकदां खोटें बोलला. जाणूनबुजून विकणारा तेंच खोटें नव्यानें बोलतो. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यापासून आजच्या १९९९ च्या कायद्यापर्यंत, असा माल विकणाराही दोषी मानला आहे. अजाणतां व योग्य ती काळजी घेऊन विकणाऱ्यास मात्र सूट आहे. मला ती सूट मागतां आली नसती.

मीं त्या गृहस्थांस सर्व सांगितलें. त्यांनीं चाकू घेतला नाहीं. वडिलांस सांगणें त्याहून अवघड गेलें. ते बराच वेळ गप्प बसले व मग म्हणाले, “बोरू मात्र त्यानें उत्तम तासले जात.”

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, घरांतील जुन्या वस्तूंचें मोल मुलांस सांगतांना त्यांची खरी हकीकतही सांगावी; आणि लखलखीत करण्याच्या हौसेनें जुने छाप घासून टाकूं नयेत. विद्यार्थ्यांनीं कोणतेंही नांव वाचून थांबूं नये, वस्तूही वाचावी. आमचा चाकू आज त्याच्या पेटींत आहे. सोबत मीं एक चिठ्ठी ठेवली आहे: ‘छाप खोटा, पातें चांगलें, आजोबांचा.’ पुढें माझ्या मुलांनीं तो विकावयाचा ठरविलाच, तर ती चिठ्ठीही त्याबरोबर जावी.