जाळ्याची सूत्रे कोणाच्या हाती?

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावरचे लोहखनिज खाण सुरू झाल्यापासून ट्रकांनी बाहेर जात आले. ट्रक म्हटला की चालक आला. कोठे थांबावे, चिखल दिसताच कोणत्या बाजूने वळावे, हा निर्णय त्याचा. जुलै २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरच्या नळवाहिनीचे उद्घाटन झाले आणि दळलेले खनिज पाण्यात कालवून नेण्याची सोय झाली. नळाला निर्णयबुद्धी नसते. ती पंपाजवळ बसलेल्या माणसाकडे असते. संगणकांच्या जाळ्यांच्या व्यवसायात गेल्या दीड दशकात जी उलथापालथ चालली आहे, तिचे स्वरूप बरेचसे असेच आहे. ती समजून घेण्याची गरज मुंबई-पुण्यापेक्षा गडचिरोलीला अधिक आहे, कारण तेथील जाळे अद्याप पुरते विणले गेलेले नाही.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो आणि वाटेतील प्रत्येक नाक्यावरचा राउटर त्या तुकड्याची पुढची दिशा ठरवितो. राउटर हा हमालही असतो आणि वाटाड्याही. हमालीचे यंत्र त्या मानाने स्वस्त; वाटाड्याची अक्कल महाग, आणि ती त्याच कंपनीच्या पेटीत कुलूपबंद. सिस्कोसारख्या कंपन्यांचे वैभव या जोडीवर उभे राहिले. एकदा पेटी घेतली की तिची दुरुस्ती, तिचे नवे सॉफ्टवेअर, इतकेच काय, तिच्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे प्रमाणपत्रही त्याच घरचे!

ही जोडी फोडण्याचा उद्योग स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. २००८ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ओपनफ्लो’ पद्धतीत हमाली पेट्यांकडे राहिली आणि वाटाडेपण एका मध्यवर्ती कंट्रोलरकडे गेले. निक मॅकीअन, मार्टिन कसाडो, स्कॉट शेंकर ही तिच्या जनकांची नावे. तिच्या प्रसाराची संघटना बांधणाऱ्यांत गुरु परुळकर अग्रभागी होते, हे आडनाव मराठी वाचकाला परके वाटू नये. २०१२ मध्ये गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळे याच तत्त्वावर चालत असल्याचे जाहीर केले. एरवी तीस-चाळीस टक्केच वापरात येणाऱ्या वाहिन्या जवळजवळ पूर्ण भरून चालविता येतात, हे त्यातून दिसले.

आता सिस्कोचे दिवस भरले, असे भाकीत तेव्हा अनेकांनी केले. ते खोटे ठरले. त्या कंपनीने २०१३ मध्ये स्वतःचीच कंट्रोलर-पद्धत बाजारात आणली आणि ती आपल्याच पेट्यांशी बांधून ठेवली. मक्तेदारी पेटीतून उठून कंट्रोलरमध्ये जाऊन बसली, असेच म्हणावे लागेल. तिच्यातून खऱ्या अर्थाने सुटले ते गूगलसारखे, ज्यांना आपले सॉफ्टवेअर आपणच लिहिता येते.

आपले शासन यांपैकी कोणत्या पंक्तीत बसणार? नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत महाराष्ट्रासह दहा राज्यांत २जी मनोरे उभे राहिले. त्यांतील २,३४३ ठिकाणी ४जी आणण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये केंद्राला पुन्हा दोन हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर करावी लागली. बंद पेटीची किंमत अशी दुसऱ्यांदा मोजावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी यंत्रणेचा गाभा सी-डॉटचा आहे. ही यंत्रणा सॉफ्टवेअरवर आधारलेली असून तिच्यातून ५जीकडे जाता येईल, असे सांगितले जाते. १९८४ मध्ये जन्मलेल्या ज्या संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे खेड्यातले टेलिफोन एक्स्चेंज घडविले, तिच्याकडूनच हे काम व्हावे यात औचित्य आहे.

तथापि मध्यवर्ती नियंत्रणाचा दुसरा पैलूही पाहिला पाहिजे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सूरजागड येथे सत्तरांहून अधिक वाहने जाळली, पण रस्ता उरला. नळ मात्र एके ठिकाणी फुटला तरी सारा प्रवाह थांबतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली आणि व्हॉट्सॲपसह सारा पसारा सुमारे सहा तास बंद पडला. तेथे तज्ज्ञांची फौज दिमतीला होती. भामरागडला पर्लकोटेचा पूर येतो तेव्हा तालुक्याचे ठिकाणच जगापासून तुटते. अशा वेळी दूर शहरातील कंट्रोलरचा आवाज ऐकू येईनासा झाला, तर मनोरा शाबूत असूनही रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र गप्प बसावे काय?

संपर्क तुटल्यावर पेटीने शेवटच्या सूचनांवर काम चालू ठेवावे की थांबावे, हे आधी ठरविता येते. हा निर्णय अभियंत्यांवर सोडून देण्याजोगा नाही. तो निविदेच्या कागदावर व्हावयास हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात, १ लाख ३९ हजार कोटींच्या खर्चात, ग्रामपंचायती कड्यांच्या रचनेने जोडण्याचे ठरले आहे. एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाट राहावी, हा त्यामागील हेतू. तारांच्या बाबतीत जी दक्षता घेतली गेली ती अक्कलेच्या बाबतीतही घ्यावी लागेल. कंट्रोलरची एक प्रत जिल्ह्यातच असावी, त्याची भाषा खुली असावी, आणि ती वाचू शकणारी मुले गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातून तयार व्हावीत. प्रमाणपत्रांच्या शिकवणीवर पैसे घालणाऱ्या विद्यार्थ्यांनीही पेटी विकणाऱ्याची आज्ञावली पाठ करण्याआधी प्रोग्रॅम लिहावयास शिकावे. पेटीवरची आज्ञा यापुढे बहुधा प्रोग्रॅमच देणार आहे.