पिवळ्या मुळीची ओळख

दिग्रसच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानी आपण ‘ममीरा’ मागितला आणि पुडीत पिवळी मुळी हाती आली, तरी ती कोणत्या वनस्पतीची हे रंगावरून ठरत नाही. खरा ममीरा अरुणाचलातील मिश्मी टेकड्यांतला, दुर्मीळ. त्याच्या नावावर हिमालयातील थॅलिक्ट्रम फोलिओलोसम या वनस्पतीची मुळी खपवली जाते. हिची एक भावंड-जाती पावसाळ्यात सह्याद्रीवर फुलते. ‘बॉम्बे फ्लोरा’ (१८६१) या ग्रंथाचे सहलेखक डॅल्झेल यांचे नाव तिला दिले आहे. आपल्या रखरखीत मुलखापर्यंत मुळी येते ती दुरून, अनेक हातांतून आणि पुष्कळदा भुकटी होऊन.

हा पिवळेपणा बर्बेरिन या कडू अल्कलॉइडचा. दारूहळदीतही तेच असते. प्रयोगशाळेत भुकटी अल्कोहोलात भिजवतात, अर्क आटवून आम्लयुक्त पाण्यात घेतात. पुढे अमोनिया घालून क्लोरोफॉर्मबरोबर घुसळले की बहुतेक अल्कलॉइडे क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. बर्बेरिन मात्र हट्टाने पाण्यातच राहते. हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्याचे पिवळे स्फटिक वेगळे काढावे लागतात. सिलिकाच्या थरावर, अतिनील प्रकाशात त्याचा ठिपका पिवळा चकाकतो. तरीही खात्री होत नाही, कारण पामॅटिन हे त्याचे सख्खे भावंड फारसे वेगळे दिसत नाही. वस्तुमानमापकावर एकाचा आकडा ३३६ आणि दुसऱ्याचा ३५२ आला, म्हणजे ओळख पटते. जे ओळखायला एवढा खटाटोप लागतो, ते आपण चिमटीने मोजून घेतो!

बर्बेरिन रक्तातील साखर उतरवते, हे खरे आहे; धोकाही तिथेच आहे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना वर ही भुकटी घेतली, तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. घाम, थरथर, बोलण्यात अचानक गोंधळ अशी लक्षणे दिसतात. वृद्धांतील हा गोंधळ घरची माणसे वयावर ढकलतात. अशा वेळी तत्काळ साखर मोजावी. मापक नसल्यास आणि रुग्णाला नीट गिळता येत असल्यास साखरपाणी द्यावे, शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. यकृतातील औषधे पचवणारी काही विकरेही बर्बेरिनमुळे मंदावतात. मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरीन घेणाऱ्यांच्या रक्तात त्या औषधाची पातळी यामुळे वाढल्याचे आढळले आहे.

ममीऱ्याच्या सुरम्याविषयीही सांगायला हवे: मोतीबिंदूने गढूळ झालेले भिंग कोणत्याही सुरम्याने निवळत नाही.

पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ती पुडीही पिशवीत ठेवा, आणि तोवर भुकटी थांबवा. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका.