शिकारीच्या पेट्या आणि रानांची मालकी

बोत्स्वानाचे तत्कालीन अध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासिसी यांनी एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीला वीस हजार हत्ती देऊ केले. आपण थट्टा करीत नाही, असेही त्यांनी एका जर्मन वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला बजावले. त्यापूर्वी महिनाभरच त्यांच्या सरकारातील एका मंत्र्यांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये दहा हजार हत्ती सोडण्याची भाषा केली होती. राष्ट्रप्रमुखाच्या तोंडी असली भाषा शोभते की नाही, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. या संतापाचे कारण वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आफ्रिकेत शिकार करून मायदेशी नेलेली मुंडकी, कातडी, शिंगे आणि सुळे, म्हणजेच शिकाऱ्यांच्या परिभाषेत 'ट्रॉफी', यांच्या आयातीवर अधिक कडक निर्बंध घालण्याचा विचार जर्मनी व ब्रिटन करीत होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायच्या वस्तूंवरून दोन खंडांत एवढे वादळ उठावे, याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. परंतु या वस्तूंच्या पेट्या गोदीतून सुटतात की अडकून पडतात, यावर आफ्रिकेतील कित्येक चौरस मैल रानाचे भवितव्य अवलंबून असते. आणि म्हणूनच हा विषय हौशी धनिकांपुरता राहत नाही.

शिकारी सफरीहून परततो तो विमानाने, एक-दोन दिवसांत. त्याने मारलेल्या जनावराचा प्रवास मात्र कित्येक महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ चालतो. जनावर पडले की त्याच दिवशी ते सोलावे लागते. कातड्याला जाड मीठ चोळून ते सावलीत वाळवतात, कवटी उकळून तिच्यावरील मांस काढून टाकतात, आणि प्रत्येक भागाला शिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी बांधतात. तेथून हा माल शहरातील कारखान्यात जातो. तेथे जंतुनाशक द्रावणात बुडवून व कीटकनाशकाची प्रक्रिया करून त्याची बांधणी होते. पेटीचे लाकूडसुद्धा उष्णतेची प्रक्रिया केलेले आणि तसा शिक्का मारलेले लागते, कारण कच्च्या लाकडातून किडे एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात. लाळ-खुरकतीची व डुकरांना होणाऱ्या स्वाइन फीवरची भीती असल्यामुळे पशुवैद्याचा दाखला आवश्यक असतो. हत्तीच्या सुळ्यावर देशाची खूण, वर्ष, अनुक्रमांक आणि वजन कोरावे लागते. मग निर्यातीचा परवाना, आयातीचा परवाना, विमा, विमानाचे किंवा जहाजाचे भाडे, आणि पलीकडच्या बंदरात कस्टम्सचे सोपस्कार उरकणारा क्लिअरिंग एजंट. सिंहाला गोळी घालताना न डगमगलेला वीर या एजंटाचे बिल पाहून डगमगतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एकेकाळी हे काम फार सोपे होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मोंबासाला उतरले तेव्हा त्यांच्या मोहिमेने कातडी टिकवण्यासाठी चार टन मीठ बरोबर घेतले होते. वर्षभरात त्या मोहिमेने उंदीर-चिचुंद्र्यांपासून हत्तीपर्यंत सुमारे ११,४०० नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी गोळा केले. त्यांपैकी पाचशेहून अधिक मोठी जनावरे एकट्या रूझवेल्ट पिता-पुत्रांनी मारली होती. रेल्वे, जहाज आणि हमालांची रांग एवढी सामग्री असली की काम भागे. परवाना कोणाला विचारायचा, असा प्रश्न साम्राज्यांच्या काळात उद्भवत नव्हता.

हा प्रश्न निर्माण केला तो १९७३ साली वॉशिंग्टन येथे संमत झालेल्या आणि १ जुलै १९७५ पासून अमलात आलेल्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने. भारत १९७६ मध्ये या करारात सामील झाला. नामशेष होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांची नावे कराराच्या पहिल्या परिशिष्टात असतात. त्यांचा व्यापार मुळीच करता येत नाही. तथापि शिकाऱ्याने स्वतःसाठी नेलेली ट्रॉफी हा व्यापार नव्हे, असे मानण्यात आले. तिच्यासाठी दोन परवाने लागतात. निर्यात करणाऱ्या देशाने या शिकारीमुळे त्या जातीला अपाय होत नाही असा निर्वाळा द्यायचा, आणि आयात करणाऱ्या देशाने स्वतंत्रपणे तशीच खात्री करून घ्यायची. काही प्राण्यांच्या बाबतीत वार्षिक संख्याही ठरवून दिली आहे. काळ्या गेंड्याच्या पाच-पाच शिकारींची मुभा २००४ मध्ये नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका यांना मिळाली. चित्त्यांच्या बाबतीत नामिबियाला वर्षाला १५० चा कोटा आहे, आणि त्यात जिवंत चित्ते व ट्रॉफी हे दोन्ही धरले जातात. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून विमानाने आणलेले आठ चित्ते कुनोच्या रानात सोडले गेले, तेव्हा आपल्याकडे केवढा जल्लोष झाला! ज्या देशाने ते दिले, तेथे चित्त्याची शिकार कायदेशीर आहे, हे त्या गदारोळात फारसे कोणी सांगितले नाही.

या व्यवस्थेत खरी सत्ता कोणाच्या हाती गेली? शिकारीसाठी हजारो डॉलर मोजणारा मनुष्य ट्रॉफी घरी नेता येणार नसेल तर सहसा येत नाही. तेव्हा आफ्रिकी सरकारने कितीही परवाने दिले तरी अखेरचा होकार वॉशिंग्टनचा किंवा बर्लिनचा असतो. अमेरिकेने एप्रिल २०१४ मध्ये टांझानिया व झिंबाब्वे येथील हत्तींच्या ट्रॉफींची आयात स्थगित केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांपैकी झिंबाब्वेतील ट्रॉफींची आयात खुली करण्याची घोषणा झाली, आणि दोन-तीन दिवसांतच अध्यक्ष ट्रम्प यांनी तिला स्थगिती दिली. पुढे मार्च २०१८ मध्ये प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार करण्याचे ठरले. या कोलांटउड्यांत हरारेला किंवा दारेसलामला कोणी विश्वासात घेतल्याचे दिसले नाही.

सरकारे निदान कोणाला तरी जबाबदार असतात. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला. ऑक्सफर्डचे संशोधक त्या सिंहाच्या गळ्यात पट्टा बांधून त्याचा अभ्यास करीत होते. जगभर संतापाची लाट उसळली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डेल्टा, युनायटेड, अमेरिकन अशा बड्या विमान कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा व रानरेडा यांच्या ट्रॉफी नेण्याचे बंद केले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी विमान कंपनीने एप्रिलमध्येच अशी बंदी घातली होती. पण तेथील पर्यावरण खात्याच्या विनवणीनंतर जुलैत ती उठवली. म्हणजे एका देशाच्या वन्य जीवनाचे धोरण काही दिवसांसाठी मालवाहतुकीच्या व्यवस्थापकांनी ठरवले. त्या दंतवैद्याचे कागद नियमानुसार होते, असे झिंबाब्वेच्या सरकारनेच त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळलेले होते.

याचा अर्थ शिकाऱ्यांची बाजू स्वच्छ आहे असा मुळीच नाही. ट्रॉफी म्हणजे व्यापार नव्हे, या एका वाक्याच्या आडून काय काय घडले, याचा दाखला गेंड्याच्या शिंगात मिळतो. शिंगाचा व्यापार १९७७ पासून बंद. पण दक्षिण आफ्रिकेत पांढऱ्या गेंड्याची परवानाधारक शिकार चालू. या शतकाच्या प्रारंभी व्हिएतनामी 'शिकारी' मोठ्या संख्येने तेथे येऊ लागले. त्यांच्यातील पुष्कळांनी आयुष्यात बंदूक हाती धरली नव्हती. गोळी दुसराच कोणी झाडी, फोटोपुरता पाहुणा उभा राही, आणि शिंग रीतसर परवान्यासह पेटीतून काळ्या बाजारात पोचे. एका थाई टोळीने तर जोहान्सबर्गच्या परिसरातील वेश्यांना शिकारी म्हणून उभे केले. तिच्या म्होरक्याला २०१२ साली ४० वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती पुष्कळच कमी करण्यात आली. त्याच वर्षी व्हिएतनामी नागरिकांना परवाने देणे दक्षिण आफ्रिकेने बंद केले. परंतु शिंगाची चटक लागलेल्या बाजारपेठेने तोवर चोरट्या शिकारीचा मार्ग धरला होता. २००७ साली त्या देशात १३ गेंडे चोरून मारले गेले होते. २०१४ साली १,२१५.

अमेरिकेतील प्रकार अधिक सभ्य होता, एवढेच. शिकारी आपल्या ट्रॉफी एखाद्या नामधारी संग्रहालयाला दान करीत, तिची किंमत भरमसाट लावीत, आणि आयकरातील सवलतीच्या रूपाने सफरीचा खर्च सरकारी तिजोरीवर टाकीत. ही सवलत पेंढा भरण्याच्या व बसवण्याच्या खर्चापुरती मर्यादित करण्यासाठी तेथील काँग्रेसला २००६ साली कायदा बदलावा लागला. निवृत्तिवेतनाच्या एका प्रचंड कायद्याच्या पोटात ते कलम आहे. पेन्शनीच्या कायद्यात पेंढा भरलेले सिंह शोधायला कोण जाणार!

शिकारीतून मिळणाऱ्या पैशाने रान वाचते, हा शिकार समर्थकांचा मुख्य युक्तिवाद. त्याची कसोटी आकड्यांवर घेणेच बरे. टांझानियातील सेलूस हे अभयारण्य बव्हंशी शिकारीच्या पट्ट्यांत वाटलेले होते. तेथे १९७६ साली सुमारे १,०९,००० हत्ती होते. २०१३ च्या गणनेत सुमारे १३,००० उरले. शिकारीचा पैसा होता, परवाने होते, साहेब लोक येत होते, आणि हस्तिदंताचे चोर रान लुटून नेत होते. उलट केनियाने १९७७ सालीच शिकार पूर्णपणे बंद केली. तिथले हत्ती १९८९ पर्यंत सोळा हजारांच्या आसपास घसरले. शिकार असणे किंवा नसणे या दोहोंपैकी कशानेही हत्ती आपोआप वाचत नाही, असेच ही दोन उदाहरणे सांगतात.

नामिबियाचे उदाहरण वेगळे पडते ते यामुळे. तेथे १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना आपल्या परिसरातील वन्य प्राण्यांवर हक्क दिले. आज अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे आहेत. पर्यटन व शिकार यांचे उत्पन्न आणि शिकारीतले मांस गावाकडे येते. पीक तुडवणारा हत्ती ही तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने आपत्तीही आहे आणि मिळकतही. जानेवारी २०१४ मध्ये डॅलस येथे नामिबियातील एका वृद्ध काळ्या गेंड्याच्या शिकारीचा लिलाव साडेतीन लाख डॉलरला झाला, तेव्हा अमेरिकेत निषेध झाला. तो निषेध समजण्यासारखा आहे. एखाद्या जिवाला मारण्याच्या हक्काची बोली लागते, ही कल्पना प्रस्तुत लेखकालाही ओंगळ वाटते. पण ओंगळ वाटणे आणि घातक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कायदा करताना त्यांतील फरक विसरून चालत नाही.

आपण भारतीयांनी या वादात नैतिक उंचीवरून बोलू नये, याला कारण आहे. १९५० ते ७० या काळात वाघाची शिकार विदेशी पाहुण्यांना विकणाऱ्या कंपन्या आपल्याकडे चालत होत्या. नागपुरातून चालणाऱ्या अशा एका कंपनीचे नाव अमेरिकन शिकाऱ्यांमध्ये सुपरिचित होते. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात पेंढा भरलेले हजारो वाघ व बिबटे देशोदेशी गेले. तो कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. परकीय चलन बुडेल, ही तक्रार तेव्हा आपल्याकडेही झाली होती. परकीय चलनाची गरज असली तरी ते या देखण्या प्राण्यांच्या प्राणांच्या मोलाने नको, अशी भूमिका इंदिरा गांधींनी १९६९ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत घेतली. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा झाला, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आज जुन्या वाड्यात टांगलेले वाघाचे कातडे वारसाने मिळू शकते, पण मालकीच्या दाखल्यावाचून बाळगता येत नाही आणि दाखला असला तरी विकता येत नाही.

हा निर्णय योग्यच होता. १९७२ च्या गणनेतील १,८२७ वाघ २०२२ मध्ये सरासरी अंदाजाने ३,६८२ झाले. (मोजणीच्या पद्धती निराळ्या असल्याने ही तुलना ढोबळच म्हटली पाहिजे.) पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली ही, की तो निर्णय आपण घेतला. आपल्या संसदेने घेतला. लंडनच्या एखाद्या विमान कंपनीने तो आपल्यावर लादला नव्हता. दुसरी गोष्ट, त्याची किंमत कोणी भरली? ताडोब्याभोवतालच्या गावांत मोहफुले आणि तेंदूची पाने वेचायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी मरतात. मुंबई-पुण्याचे पर्यटक जिप्सीतून वाघ पाहून परततात. त्या वाघाच्या शेजारी रात्र काढायची ती चंद्रपूरच्या शेतकऱ्याने. मासिसी जर्मनांना जे सांगत होते, ते या शेतकऱ्याने आपल्याला सांगितले तर आपल्यापाशी काय उत्तर आहे?

तेव्हा सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक या दोन्हींपेक्षा अमेरिकेने २०२४ साली हत्तींच्या बाबतीत केलेला नियम अधिक विचारी वाटतो. निर्यात करणाऱ्या देशाने आपल्या हत्तींची स्थिती, आलेला पैसा कोठे गेला, स्थानिकांना काय मिळाले, यांचे प्रमाणपत्र दरवर्षी द्यायचे. ते समाधानकारक नसेल तर पेटी बंदरात अडवायची. यात देशादेशांत भेद होतो, पण सेलूस आणि नामिबिया यांत भेद आहेच. उणीव आहे ती अशी, की न्यायाधीश एकटी अमेरिकाच राहते. हीच तपासणी 'साइट्स'च्या परिषदेत, जेथे बोत्स्वानालाही एक मत आहे आणि भारतालाही, उघडपणे व्हावयास हवी. ब्रिटनमध्ये आयातबंदीचे विधेयक मार्च २०२३ मध्ये कॉमन्सने संमत केले आणि ते लॉर्ड्समध्ये अडून पडले. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात ते वचन पुन्हा दिले आहे. त्याची पूर्तता करण्यापूर्वी नामिबियातील गावांची उत्पन्नाची वही त्या सभागृहाच्या मेजावर यायला हरकत नाही, आणि तिच्याच शेजारी सेलूसच्या गणनेचा कागदही.