कुंड आपले, पाणक्या परका

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरातून खुलताबादच्या दिशेने माणसांची रांग चालू लागते. दौलताबादचा किल्ला मागे पडतो, घाट चढला जातो आणि शनिवारच्या पहाटे हजारो अनवाणी पावले भद्रा मारुतीच्या दारात पोहोचतात. येथला मारुती निद्रावस्थेतील आहे. बाहेरची बाजारपेठ मात्र त्या रात्री डोळा मिटत नाही. नारळ, तेल, रुईच्या पानांची माळ यांची दुकाने उजळलेली असतात. भाविक नारळ उचलतो, फोन काढून कोड स्कॅन करतो आणि दुकानातला छोटा स्पीकर पैसे मिळाल्याची ललकारी देतो. सुट्ट्या पैशांची घासाघीस नाही, फाटक्या नोटेचे भांडण नाही.

या दृश्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. अमेरिका आणि युरोपातील अनेक संपन्न देशांत आजही छोट्या दुकानदाराला कार्ड कंपन्यांचे अडते-दलाल पोसावे लागतात. भारतात मात्र एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने दहा वर्षांच्या आत ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात २००० कोटींहून अधिक व्यवहार पार पाडले. ही व्यवस्था उभारणारे राष्ट्रीय देयक महामंडळ २००८ मध्ये रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झाले. त्याची मालकी बँकांकडे आहे आणि नफा कमावणे हा त्याचा हेतू नाही. या देशातील अभियंत्यांनी या देशातील माणसासाठी घडवलेली ही गोष्ट आहे.

परंतु अभिमानाच्या भरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. रस्ता आपला आहे. त्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या कोणाच्या?

शिवालय तीर्थाचा धडा

खुलताबादहून जवळच वेरूळ आहे. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी केला. तेथील शिवालय तीर्थाशीही त्यांचेच नाव जोडले जाते. चारही बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारे हे कुंड. अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीच्या उत्पन्नातून आणि त्यांचे पाणी सर्वांसाठी खुले ठेवले. लोकोपयोगी वास्तू कशी असावी याचा हा आपल्या मातीतला आदर्श आहे. बांधणाऱ्याने मालकी मिरवू नये, वापरणाऱ्याकडून दाम घेऊ नये आणि पायऱ्या कोणा एकाने अडवू नयेत.

यूपीआय हे असेच कुंड आहे. पैसा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातो. फोनवरचे अ‍ॅप ही केवळ खिडकी. पण आज त्या कुंडाच्या पायऱ्यांवर कोण बसले आहे? यूपीआयच्या दर पाच व्यवहारांपैकी सुमारे चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन खिडक्यांतून होतात. गूगल ही अमेरिकी कंपनी. फोनपेचा जन्म बंगळुरूचा, तेथे राबणारे हात भारतीय, पण मालकीचा मोठा वाटा अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट घेतली, तेव्हा फोनपेही तिच्याबरोबर गेली. सरकारी व्यवस्थेने काढलेले भीम हे अ‍ॅप डिसेंबर २०१६ पासून उपलब्ध आहे. ते या दोघांच्या सावलीतच राहिले. कुंड आपले, पाणी आपले, तहानही आपली. पाणक्या तेवढा परका!

‘काय फरक पडतो?’

यावर जागतिकीकरणाच्या भाटांचे उत्तर ठरलेले आहे. ‘अ‍ॅप कोणाचे का असेना, सेवा चांगली आहे आणि फुकट आहे, मग काय फरक पडतो?’ शहरातील सुशिक्षित घरांतून हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

फरक काय पडतो, याचे उत्तर गुजरातच्या वाडीनारने दिले आहे. तेथे नायरा एनर्जी या कंपनीचा वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा तिच्यात ४९ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने या कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचा ईमेल बंद, स्वतःच्याच माहितीची दारे बंद! आणि या सेवांचे पैसे कंपनीने रीतसर मोजलेले होते. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, ईमेलसाठी रेडिफ या भारतीय कंपनीकडे धाव घ्यावी लागली. महिना संपता संपता सेवा पूर्ववत झाल्या. पण जे कळायचे ते कळून चुकले होते.

येथे रशियाच्या बाजूने वा विरुद्ध बोलण्याचा प्रश्न नाही. कारखाना भारताच्या भूमीवर, त्याला लागू असलेला कायदा भारताचा. भारताने कोणतेही निर्बंध घातलेले नव्हते. तरीही ब्रुसेल्समध्ये झालेल्या एका निर्णयामुळे वाडीनारच्या कर्मचाऱ्याचा संगणक मुका झाला. ज्याच्या हाती कळ आहे, तो ती फिरवू शकतो. आज कारण रशियाचे, उद्या दुसरे असेल. ‘काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, असा प्रसंग पैशांच्या व्यवहारांवर ओढवला, तर त्या पहाटे खुलताबादच्या नारळवाल्याने कोणत्या न्यायालयाची पायरी चढायची?

फुकटेपणाचा दावाही तितकाच पोकळ आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण व्यवस्था चालवण्याचा खर्च कोठे नाहीसा होत नाही. त्यासाठी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षाकरिता १५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. शिवाय, ज्या व्यवहारात कमाई नाही तेथे वर्षानुवर्षे तोटा सोसून टिकू शकतो तो फक्त अफाट भांडवलाचा धनी. छोटी भारतीय कंपनी त्या शर्यतीत उतरण्यापूर्वीच बाद होते. ‘फुकट’ या शब्दाने ग्राहक सुखावतो आणि त्याच शब्दाने स्पर्धक मारला जातो. मग मैदान मोकळे झाले की, कर्ज, विमा, सोने असे एकेक दुकान त्याच खिडकीत थाटले जाते.

भावनेचे भांडवल आणि ‘कू’चा अंत

इथवर वाचून अनेक कार्यकर्ते माना डोलावतील. त्यांच्यापैकी काही जण लगेच फोन उघडतील आणि ‘विदेशी अ‍ॅपवर बहिष्कार टाका’ असा संदेश शंभर गटांना धाडतील. धाडतील कशावरून? व्हॉट्सअ‍ॅपवरून! हा विनोद नाही, ही स्वदेशीच्या विचाराची शोकांतिका आहे आणि ती परखडपणे सांगितली पाहिजे.

‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम आठवून पाहावे. २०२० मध्ये ते सुरू झाले. त्याच वर्षी आत्मनिर्भर भारत अ‍ॅप स्पर्धेत ते विजयी ठरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्विटर आणि भारत सरकार यांच्यात खडाजंगी झाली, तेव्हा केंद्रीय मंत्री, शासकीय खाती, मान्यवर असे सारे त्यावर दाखल झाले. जो तो राष्ट्रकार्य केल्याच्या आवेशात होता. भारतीय भाषांत लिहिण्याची सोय हे त्याचे खरे बलस्थान होते. पण थोड्याच दिवसांत मंडळी पुन्हा ट्विटरवर आपापल्या अनुयायांची संख्या मोजू लागली. जुलै २०२४ मध्ये ‘कू’ बंद झाले. आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. या ‘स्वदेशी’ रोपट्याला २०२१ मध्ये मोठे पाणी घातले ते टायगर ग्लोबल या अमेरिकी गुंतवणूकदाराच्या पुढाकाराने. जयघोष करणाऱ्यांच्या खिशातून त्यासाठी एक रुपयाही निघाला नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये हाच प्रयोग ‘अरट्टई’च्या बाबतीत झाला. श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीचे हे संदेशाचे अ‍ॅप खरे तर २०२१ पासूनचे. मंत्र्यांनी आवाहन करताच दिवसाला सुमारे ३ हजार असलेली नवी नोंदणी तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेली. पण त्या वेळी त्यावरील लेखी संदेशांना व्हॉट्सअ‍ॅपसारखे संपूर्ण कुलूप नव्हते; पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणीही वाचू शकणार नाही अशी हमी नव्हती. लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतले, दोन दिवस नमस्कार-चमत्कार केले आणि पुन्हा जुन्या गटांत परतले. झोहो ही तमिळनाडूच्या खेड्यांत काम नेणारी, १९९६ पासून चिकाटीने उभी राहिलेली कंपनी आहे. तिला टाळ्यांची गरज नाही. तिला ग्राहक हवे आहेत, दोष दाखवणारे आणि दाम मोजणारे.

स्वदेशी ही लाट नसते. लाट येते तशी ओसरते. स्वदेशी ही शिस्त आहे. दैनंदिन शाखेचे महत्त्व जाणणाऱ्यांना तरी हे वेगळे सांगायला नको.

नियम घडवणारे हात

मग उपाय काय? प्रत्येक परकीय अ‍ॅपवर बंदी घालावी काय? नाही. ग्राहकाला गैरसोयीचा वनवास भोगायला लावून राष्ट्र बलवान होत नाही. उपाय दोन आहेत आणि त्या दोन्हींचे दाखले आपल्याच देशात आहेत.

पहिला उपाय म्हणजे नियम आपला असणे आणि तो पाळायला लावण्याची धमक असणे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, भारतातील देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवली पाहिजे. परकीय कंपन्यांनी बरीच कुरकुर केली. जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि जगड्व्याळ कंपनी मुकाट्याने नियमाच्या चौकटीत आली. जून २०२२ मध्ये मनाई उठली. घोषणा झाल्या नाहीत, मोर्चा निघाला नाही, होळी पेटली नाही. काम मात्र झाले.

हीच धमक यूपीआयच्या बाबतीत का दिसू नये? कोणत्याही एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, असा नियम महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्येच जाहीर केला. त्याच्या पूर्ततेची मुदत आधी २०२२ अखेर होती, मग ती २०२४ अखेरपर्यंत वाढली आणि नंतर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. नियम करायचा आणि मुदत पुढे ढकलत राहायचे, हे स्वाभिमानी राष्ट्राचे लक्षण नव्हे. राज्यकर्ते आपल्या विचारांचे असोत वा नसोत, याचा जाब त्यांना विचारलाच पाहिजे.

संदेशांच्या क्षेत्रातही यूपीआयचेच तत्त्व लागू करता येईल. फोनपेवरून भीमवर पैसे पाठवता येतात; मग एका कंपनीच्या अ‍ॅपवरून दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर निरोप का पाठवता येऊ नये? युरोपीय संघाने आपल्या डिजिटल बाजारपेठ कायद्यानुसार व्हॉट्सअ‍ॅपला हे दार उघडायला भाग पाडले आहे. भारतात २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ‘अटी मान्य करा नाहीतर चालते व्हा’ असे बजावले. स्पर्धा आयोगाने त्यापोटी नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड ठोठावला. पण दंडाने कोंडी फुटत नाही. दार उघडले तरच नव्या भारतीय कंपनीला उंबरा ओलांडता येईल आणि ग्राहकाला आपले गणगोत न गमावता घर बदलता येईल.

किंमत मोजण्याची तयारी

दुसरा उपाय समाजाच्या हाती आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडता घेतला, तेव्हा भारताने रडगाणे गायले नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. याच संस्थेच्या कामामुळे मराठीसह भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर रुळल्या. नकाराचे रूपांतर निर्मितीत झाले, कारण देशाने त्यासाठी पैसा, बुद्धी आणि वर्षे मोजली.

मध्यमवर्गीय घर एका संध्याकाळच्या हॉटेलवर हजार रुपये सहज खर्च करते; पण चांगल्या भारतीय सॉफ्टवेअरला वर्षाकाठी काहीशे रुपये द्यायचे म्हटले की त्याच घराला काटकसर आठवते. फोनची भाषा मराठी करण्याचा पर्याय असताना तो कोणी निवडत नाही आणि कंपन्या मराठीला विचारत नाहीत म्हणून गळा मात्र काढला जातो. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो बाजारात टिकत नाही, हा नियम स्वदेशीलाही लागू आहे.

म्हणून बहिष्काराचे निरोप पुरे झाले. घरातला एक तरी आर्थिक व्यवहार भीमवरून व्हावा. संस्थेचा, पतपेढीचा, शाळेचा ईमेल भारतीय कंपनीकडे न्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. अ‍ॅप मराठीत वापरावे, अडले तर ‘आपलेच आहे, चालवून घेऊ’ असे न म्हणता कंपनीला खडसावून कळवावे. आपल्या खासदाराला ३० टक्क्यांच्या नियमाचे काय झाले, असे पत्र लिहावे. यात रोमांच नाही, छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. पण रोज एक पायरी घडवल्याशिवाय कुंड बांधून होत नाही.

पुढच्या श्रावणातही भाविक रात्रभर चालून खुलताबादला पोहोचतील आणि नारळवाल्याचा स्पीकर पैसे आल्याचे सांगेल. त्या आवाजामागची कळ कोणाच्या हाती आहे, हे त्या दुकानदाराला कदाचित ठाऊक नसेल. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांना मात्र झोपेचे सोंग घेता येणार नाही. निद्रा भद्रा मारुतीला शोभते, समाजाला नाही.