फाटका फोटो ठीक झाला, पण आबाजी बदलले!

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनीत ‘नॅनो बनाना’ आलं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टावर साडीवाल्या फोटोंची लाट आली. ती ओसरली, पण घरातले जुने फोटो एआयकडून दुरुस्त करायची सवय राहिली. मीही केलं.

वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशन आहे त्या गावी, आमच्याकडे आबाजींचा एकच फोटो आहे. घडी पडून नेमका डोळ्यांवरून फाटलेला. एका ॲपमध्ये टाकला, क्षणात चकाचक! आजीला दाखवला तर म्हणते, “हा कोन होय रे?”

एआय हरवलेला डोळा शोधत नाही, हे आधी समजून घ्या. ट्रेनिंगमध्ये पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून तो अंदाजाने नवा डोळा काढतो. २०२० मध्ये ‘पल्स’ नावाच्या टूलने बराक ओबामांच्या धूसर फोटोतून चक्क गोरा माणूस तयार केला होता.

ओरखडे, डाग, पिवळेपणा काढायला हरकत नाही. चेहराच फाटला असेल तर मात्र जपून. आधी फ्लॅश बंद करून, सरळ वरून मूळ फोटोचा फोटो काढून ठेवा. ‘चेहरा बदलू नको’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहा (तरी कधीकधी बदलतोच). फाइलच्या नावात ‘एआय’ टाका. जेमिनी सिंथआयडीची अदृश्य खूण घालतं खरं, पण प्रिंट काढून भिंतीवर टांगल्यावर ती कोणाला दिसणार?

आबाजींच्या फोटोवरचे मी फक्त डाग काढले. फाटलेली रेघ तशीच आहे.