टाके निघाले, पट्टी राहिली

गेल्या वर्षी जानेवारीत पुण्याहून परतले आणि माझी डावी नाकपुडी वाहायला लागली. फक्त डावी. आईने व्हिडिओ कॉलवर वाफ घ्यायला सांगितली, सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी सुचवली. इथल्या मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, जर्मनीत सगळ्यांनाच परागकणांचा त्रास होतो, तुझा नंबर उशिरा लागला इतकंच." फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. एप्रिलमध्ये नवरा जरा बिचकतच म्हणाला, "रागावू नकोस, पण तुझ्याजवळ बसलं की कसलातरी वास येतो."

शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकात बघायच्या आधीच विचारलं, "एकाच बाजूला? वरच्या दाताचं काही काम झालंय का?" त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला.

झालं होतं. आदल्या नोव्हेंबरात वरच्या जबड्यातली गाठ काढली होती, दाढेच्या मुळाशी धरलेली. वरच्या दाढांची मुळं आणि गालाच्या हाडातली पोकळी, म्हणजे सायनस, यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. काहींना तोही नसतो. त्यामुळे तिथे दाताचं दुखणं नाकात उतरायला वेळ लागत नाही. त्रिमितीय एक्स-रे काढला, त्यात पोकळीच्या तळाशी एक पांढुरकी सावली दिसली. तिथलीच जागा बधिर करून डॉक्टरांनी ती बाहेर काढली. करंगळीएवढ्या लांबीची, पिवळी-काळी पडलेली गॉजची पट्टी होती. वासाचं वर्णन करत नाही, जेवता जेवता वाचणारेही असतील.

पहिला विचार अर्थातच "सोडायचं नाही यांना" असा होता. ओळखीच्या दोघांनी वकिलांचे नंबरही पाठवले. पण आधी कागद मागवावेत म्हटलं. इथे २०१३ पासून रुग्णहक्कांचा वेगळा कायदा आहे. आपली संपूर्ण फाइल बघण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि उपचार संपल्यावर दहा वर्षं ती जपून ठेवायचं बंधन डॉक्टरांवर आहे. प्रतीचे पैसे कोणी द्यायचे यावर मात्र वाद होता. तो मिटला तोही दातांच्याच एका खटल्यामुळे. उपचारात चूक झाल्याची शंका आलेल्या इथल्या एका रुग्णाने दंतवैद्याकडे फाइलची प्रत मागितली, दंतवैद्य म्हणाले खर्च तुम्ही द्या. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २६ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला: पहिली प्रत फुकट, आणि ती कशासाठी हवी आहे हे सांगायचीही गरज नाही. मी दोन ओळींचा मेल टाकला. नऊ दिवसांत कागद घरी आले.

त्यात एक वाक्य होतं: जखमेत औषधी गॉजच्या पट्ट्या ठेवल्या, दोन नग, दहाव्या दिवशी टाक्यांबरोबर काढाव्यात.

म्हणजे पट्टी कोणी 'विसरलं' नव्हतं. ती मुद्दाम ठेवली होती. माझं पुण्याचं विमान आठव्या दिवशी होतं. "टाके तिकडे काढून घ्या, पत्रात सगळं लिहिलंय" असं सांगून मला पत्र दिलं गेलं. पुण्यात आमच्या लहानपणापासूनच्या दातांच्या डॉक्टरकाकांकडे गेले. पत्र जर्मनमध्ये. काका म्हणाले, "वाच गं, काय म्हणतायत ते." आणि मी वाचलं. पहिला परिच्छेद नीट वाचला, दुसऱ्यातले शस्त्रक्रियेचे शब्द माझ्या डोक्यावरून गेले, तेव्हा "दहाव्या दिवशी टाके काढायचेत" एवढं सांगून घडी घातली. काकांनी टाके काढले, डोकावणारी एक पट्टी दिसली तीही काढली. दुसरी वर सरकलेली होती, ती त्यांना दिसणार कशी? बी-टू पातळीची परीक्षा पास झालेल्या मला जर्मनमधला 'दोन' हा आकडा वाचता येत नव्हता असं नाही. मी तिथपर्यंत गेलेच नाही.

आता चूक कोणाची? मी कितीतरी दिवस यावर स्वतःशी भांडले. दवाखान्याची आहेच, विमानाने जाणाऱ्या बाईला 'तोंडात दोन पट्ट्या आहेत, दोन्ही मोजून काढून घ्या' हे तोंडी सांगायला हवं होतं. काकांनी फोन करून विचारायला हवं होतं. आणि माझीही आहे. पण मला खटकतं ते याच्याही पलीकडचं आहे.

शस्त्रक्रियेच्या खोलीत मोजणी असते. सुया, गॉज, अवजारं सुरुवातीला मोजायची, शेवटी पुन्हा मोजायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणी-यादीत रुग्ण खोलीबाहेर जाण्याआधी ही मोजणी तोंडी पक्की करायची असं आहे. जर्मनीतल्या रुग्णसुरक्षेच्या संघटनेने २०१० मध्ये यासाठी खास सूचना काढल्या, त्यांचं नावच 'प्रत्येक बोळा मोजा' अशा अर्थाचं होतं. मोठ्या शस्त्रक्रियेच्या गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो, तोही याचसाठी. जबड्याच्या शस्त्रक्रियेत तर घशातही गॉज ठेवतात, रक्त पोटात-श्वासनळीत जाऊ नये म्हणून. ते राहिलं तर रुग्णाचा श्वासच अडकतो. म्हणून ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००९ मध्ये सांगितलं की नुसती नोंद पुरे नाही, डोळ्यांना दिसेल अशीही खूण हवी, उदाहरणार्थ रुग्णाच्या डोक्याला चिठ्ठी. (मलाही फ्रांकफुर्टच्या विमानतळावर कपाळाला चिठ्ठी लावून सोडायला हरकत नव्हती.)

पण ही सगळी मोजणी खोलीच्या दारापाशी संपते. जी वस्तू मुद्दाम आत ठेवून माणसाला घरी पाठवतात, तिचा पुढचा हिशेब कोणाकडे? जो जर्मनीतच राहतो तो दहाव्या दिवशी त्याच खुर्चीत जाऊन बसतो, आणि फाइल समोर असते. आपण मात्र सुट्टीला जातो. आपण दोन देशांमध्ये दात करून घेणारी माणसं आहोत. इथे इम्प्लांटचा आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, म्हणून नाताळच्या तीन आठवड्यांत पुण्या-नाशकात उरकून येतो. स्क्रू कुठल्या कंपनीचा, किती मिलिमीटरचा, हे इथल्या डॉक्टरने विचारलं की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर भावाला कामाला लावतो. माझ्या ओळखीत अशी निदान पाच घरं आहेत, आणि एकाकडेही पूर्ण कागद नाहीत.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वस्तू चुकून आत राहणं ही जोखीम पूर्णपणे डॉक्टरांच्या आटोक्यातली मानतात, त्यामुळे आपली चूक नव्हती हे त्यांनीच पटवून द्यायचं. डिसेंबर २०१८ मध्ये श्टुटगार्टच्या वरिष्ठ न्यायालयाने पोटात राहिलेल्या जेमतेम दोन सेंटिमीटरच्या सुईसाठी १० हजार युरो द्यायला लावले. सरकारी क्रांकनकासेचा विमा असेल तर तज्ज्ञांचं मत फुकट मिळतं, ते काम मेडित्सिनिशर डीन्स्ट करते. २०२३ मध्ये त्यांनी अशी १२,४३८ मतं दिली. मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती चूक कळली त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून मोजतात. मात्र अशा घटनांची देशभराची सक्तीची नोंद या शिस्तीच्या देशात अजूनही नाही. काचेच्या आणि कागदाच्या कचऱ्याचे डबे वेगळे असतात, हे नाही.

आपल्याकडचं उदाहरणही विसरता येत नाही. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्यांदा पोट उघडून तो काढला, पण ती वाचली नाही. तिच्या नवऱ्याचा खटला, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये सुटला. टॉवेल पोटात सापडला यातच हलगर्जीपणा आला, असं न्यायालयाने मानलं. भरपाई ३६ हजार रुपये, तेहतीस वर्षांनी. त्यापुढे माझी पट्टी काहीच नाही, हे मला कळतं.

मी खटला केला नाही. दवाखान्याला पत्र लिहिलं: बाहेरगावी जाणाऱ्या रुग्णाच्या पत्रात, आत काय आणि किती ठेवलंय ते पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरात आणि इंग्रजीतही लिहा. त्यांचं उत्तर आलं, दिलगिरी आहे आणि पत्राचा नमुना बदलतोय. बदलला की नाही हे पुढच्या रुग्णाला कळेल.

काकांना सांगायचं की नाही, यावर घरात दोन मतं होती. आई म्हणाली, "वय झालंय त्यांचं, मनाला लावून घेतील." तरी मी फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते पत्र पाठव मला पुन्हा. आणि या वेळी सगळं वाचून दाखव."