अश्रूंची मोजदाद कोणासाठी?

2020 सालच्या ऑगस्ट महिन्यात फेसबुकच्या आयर्लंडमधील कार्यालयातून दिल्ली पोलिसांना एक तातडीचा निरोप आला. एका खातेदाराचे वर्तन पाहता तो जिवाचे बरेवाईट करून घेईल, अशी शंका होती. खात्याशी जोडलेला दूरध्वनी क्रमांक दिल्लीतील त्याच्या पत्नीचा निघाला. तो स्वतः मुंबईत होता. दिल्लीने मुंबईच्या पोलिसांना कळविले, रातोरात शोध लागला आणि तो वाचला. हा माणूस एका लहानशा हॉटेलात स्वयंपाकी होता. टाळेबंदीतील पैशाची ओढाताण, घरी नुकतेच जन्मलेले मूल आणि ते वाढवायचे कसे, ही त्याची विवंचना होती.

एक जीव वाचला, याचे मोल कोणीही कमी लेखू नये. परंतु अशा घटना पुढे करून समाजमाध्यमांवरील कृत्रिम बुद्धिमत्ता ही जनतेच्या मनःस्वास्थ्याची राखणदार झाली आहे, असा जो डांगोरा पिटला जातो, त्याची झडती घेणे अगत्याचे आहे.

फेसबुकने आत्महत्येची चाहूल देणारा मजकूर यंत्राकरवी हुडकण्याची योजना नोव्हेंबर 2017 मध्ये जगभर नेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाचे देश तेवढे तेथील खाजगीपणाच्या कायद्यांमुळे वगळावे लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने याच कंपनीचे एक अंतर्गत टिपण उजेडात आणले होते. किशोरवयीन मुलांना आपण असुरक्षित आहोत, कुचकामी आहोत असे कोणत्या क्षणी वाटते, हे कंपनीला ओळखता येते, अशी बढाई त्यात जाहिरातदारांसाठी मारलेली होती. भावना हेरून जाहिराती दाखविण्याचे साधन आपण देत नाही, असा खुलासा कंपनीने केला. पण ओळखण्याची शक्ती तिने नाकारली नाही. त्याहीपूर्वी, जानेवारी 2012 मध्ये, 6,89,003 माणसांपुढे येणाऱ्या मजकुरात त्यांना न विचारता फेरफार करून त्यांची मनःस्थिती कशी पालटते, याचा प्रयोग याच कंपनीने केला होता.

म्हणजे दुःख ओळखणारा डोळा एकच आहे. तो दुःखिताला वाचवू शकतो आणि त्याला गिऱ्हाईकही बनवू शकतो. या डोळ्याने कोठे पाहावे, हे ठरविणार कोण? प्रश्न यंत्राचा नसून यंत्राच्या मालकीचा आहे.

या मालकीचे अर्थशास्त्र सरळ आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीला 2023 साली सुमारे 135 अब्ज डॉलरचे उत्पन्न झाले; त्यातील सुमारे 132 अब्ज जाहिरातींचे होते. माणूस पडद्यापुढे जितका अधिक वेळ खिळून राहील, तितकी जाहिरातीची कमाई अधिक. तेव्हा ‘आता पुरे, झोपी जा’ असे प्रामाणिकपणे सांगणारे यंत्र मालकाच्याच गल्ल्यात हात घालील. त्याला मालक कितीसा वाव देणार?

उलट, पुढे काय दाखवायचे हे ठरविणारे यंत्र मात्र अहोरात्र राबते. नोव्हेंबर 2017 मध्येच लंडनच्या एका चौदा वर्षांच्या मुलीने आपले जीवन संपविले. अखेरच्या सहा महिन्यांत इन्स्टाग्रामवर तिने जतन केलेल्या, पसंत केलेल्या वा इतरांना पाठविलेल्या सुमारे 16,300 नोंदींपैकी 2,100 नोंदी नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्या यांविषयीच्या होत्या. या मजकुराचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष 2022 साली तेथील मृत्यूचौकशीत निघाला. एका हाताने खड्डा खणायचा, दुसऱ्या हाताने दोरी टाकायची आणि दोरीचे तेवढे छायाचित्र छापायचे, याला लोककल्याण म्हणत नाहीत. नफा खाजगी आणि हानी सार्वजनिक, हा भांडवलशाहीचा जुनाच ताळेबंद आहे.

मग यंत्र मोडावे काय? मुळीच नाही. समाजवाद्यांचे यंत्राशी वैर नाही. मागणी अशी असली पाहिजे की, मनःस्वास्थ्यासाठी गोळा केलेली माहिती जाहिरातीच्या कामी वापरणे हा गुन्हा ठरावा. यंत्र किती वेळा चुकते, किती जणांच्या दारी अकारण पोलीस पाठविते, याची स्वतंत्र तपासणी व्हावी. आणि निरोप पोलीस ठाण्याआधी आरोग्यसेवकाकडे जावा. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने बालकांवर पाळत ठेवून त्यांना जाहिरातींचे लक्ष्य करण्यास मनाई करणारी तरतूद केली. प्रौढ श्रमिकाच्या व्यथेचा बाजार मात्र मोकळाच राहिला.

कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार या देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नव्हता. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये 14416 या क्रमांकाची विनामूल्य टेलिमानस सेवा सुरू केली, हे स्वागतार्हच आहे. वस्त्यावस्त्यांतून तो क्रमांक पोहोचविणे हे आपलेही काम आहे. परंतु त्या स्वयंपाक्याला काय हवे होते? नियमित रोजगार, टाळेबंदीतही चालू राहणारे वेतन, बाळाच्या दुधाची शाश्वती. महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, तो खेड्यांपुरता. शहरातला श्रमिक त्याबाहेरच राहिला. आयर्लंडमधून त्याचे अश्रू दिसले. त्याची रिकामी थाळी मात्र मुंबईतही कोणाला दिसली नव्हती. ती पाहण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. संघटित जनतेचे राज्य लागते.